‘ओ’ म्हणजे नातू : एका आयरिश आडनावाचा इतिहास

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला ओब्रायन हे आडनाव बहुधा प्रथम भेटते ते जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत. विन्स्टनला आधी विश्वासात घेणारा आणि मग छळ करून त्याचे मन मोडून टाकणारा अधिकारी ओब्रायन याच नावाचा आहे. पुढे अभ्यास आयर्लंडकडे वळला, की फ्लॅन ओब्रायन, केट ओब्रायन आणि एडना ओब्रायन ही नावे कोशात शेजारी शेजारी आढळतात. ही सारी एकाच घराण्यातली मंडळी असावीत असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः केट आणि एडना या दोन वेगळ्या घरांतल्या, दोन वेगळ्या पिढ्यांतल्या लेखिका होत्या. आणि फ्लॅन तर जन्माने ओब्रायन नव्हताच.

आडनावांवर लिहिण्याची एक रूढ पद्धत आहे. प्रथम मूळपुरुष सांगायचा, मग त्या नावाच्या नामवंतांची यादी द्यायची. अशा यादीने अभिमान सुखावतो, परंतु इतिहास कळत नाही. या लेखात आम्ही ओब्रायन या आडनावाकडे थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहणार आहोत. आयरिश भाषेत ‘ओ’ या अक्षराचा अर्थ ‘नातू’ असा आहे, विस्ताराने ‘वंशज’ असाही. म्हणजे हे आडनाव मुळात नात्याचे विधान आहे. आमचे म्हणणे असे, की हे नाव लावणाऱ्या पिढ्यांना आपण नेमके कोणाचे नातू, या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी नव्याने द्यावे लागले. आणि ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. या न जुळण्यातच आयर्लंडचा बराचसा इतिहास साठवलेला आहे.

ज्या ब्रायनचे हे वंशज म्हणवतात तो ब्रायन बोरू. शॅनन नदीकाठच्या किलालू परिसरात, आजच्या क्लेअर परगण्याच्या पूर्व भागात, ‘डाल गॅश’ नावाचे एक कुळ होते. इ.स. ९७६ मध्ये थोरला भाऊ मारला गेल्यावर ब्रायन या कुळाचा प्रमुख झाला. नंतर मन्स्टर प्रांताचा राजा आणि १००२ साली साऱ्या आयर्लंडचा अधिराज झाला. १००५ साली आर्मा येथील मठातील पवित्र ग्रंथात त्याच्याविषयी एक नोंद करण्यात आली. तीत त्याला आयरिश लोकांचा सम्राट म्हटले आहे. २३ एप्रिल १०१४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, डब्लिनजवळ क्लॉन्टार्फ येथे झालेल्या लढाईत त्याच्या सैन्याचा जय झाला, पण तो स्वतः, त्याचा मुलगा आणि एक नातू असे तिघेही त्या दिवशी मारले गेले.

ही लढाई आयरिश आणि व्हायकिंग यांच्यातील धर्मयुद्ध म्हणून पुढे रंगवली गेली. प्रत्यक्षात लेन्स्टर प्रांताचा आयरिश राजा डब्लिनच्या नॉर्स राजाच्या बाजूने लढत होता. त्या नॉर्स राजाची, सिट्रिकची, आई एके काळी ब्रायनची पत्नी होती आणि सिट्रिकची पत्नी ब्रायनची मुलगी होती. वंशाची रेघ इतकी सरळ कधीच नसते. ही गोष्ट मूळपुरुषाच्या घरातच दिसते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आयर्लंडमधील आडनावांची पद्धत ब्रायन बोरूच्या आज्ञेने सुरू झाली अशी एक लोककथा आहे. ती खरी नाही. ओ क्लेरी हे आडनाव इ.स. ९१६ मधील नोंदीतच सापडते. परंतु ब्रायनच्या घराण्यात आडनाव कसे जन्मले, हे मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. त्याचा नातू टर्लॉ (१००९–१०८६) याला इतिवृत्तांत ‘ब्रायनचा नातू’ म्हटले आहे. त्याच्या बाबतीत हे केवळ वर्णन होते आणि शब्दशः खरे होते. टर्लॉच्या मुलानेही तेच बिरुद लावले. पण तो ब्रायनचा पणतू होता. ज्या क्षणी पणतू स्वतःला ‘नातू’ म्हणवू लागला, त्या क्षणी वर्णनाचे आडनाव झाले. शब्द खरा राहिला नाही तेव्हा तो नाव झाला. टर्लॉने राज्य मिळवले ते आपल्या काकाला, म्हणजे ब्रायनच्याच मुलाला, १०६३ साली पदच्युत करून. अशा राजाला आजोबांचे नाव मिरवण्याची गरज अधिक भासली असावी, असे आम्हांला वाटते.

टर्लॉचा हा मुलगा मुर्खर्ताख. त्याच्या कारकिर्दीत, बाराव्या शतकाच्या आरंभी, ‘आयरिशांचे परकीयांशी युद्ध’ अशा अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ रचला गेला. क्लॉन्टार्फची जी भव्य कथा आज सर्वांना ठाऊक आहे, ती मुख्यतः या ग्रंथाने घडवली. लढाईनंतर सुमारे एका शतकाने, पणतूच्या राजवटीत, घराण्याचा अधिकार सिद्ध करण्यासाठी रचलेली ती प्रशस्ती होती. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. वंशजांनी पूर्वजाचे नाव घेतले एवढेच घडले नाही; आपल्याला हवा तसा पूर्वज त्यांनी लिहून घेतला. याच मुर्खर्ताखने ११०१ साली कॅशेलचा खडक, मन्स्टरच्या राजांचे प्राचीन आसन, चर्चला दान दिला.

त्यानंतरची साडेचार शतके ओब्रायन हे थोमंड नावाच्या प्रदेशाचे स्वामी होते. गेलिक परंपरेत प्रमुखाला स्वतंत्र पदवी लागत नसे. ‘द ओब्रायन’ एवढे म्हटले की पुरे. नावच पद होते. १५४३ साली हे बदलले. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने आयरिश सरदारांसाठी एक धोरण आखले होते. आपला मुलूख राजाला अर्पण करायचा, गेलिक पदवी सोडायची, इंग्रजी कायदा, वेश व भाषा स्वीकारायची. मग तोच मुलूख राजाकडून इनाम म्हणून परत मिळे. मर्रो ओब्रायन ग्रीनिच येथे हेन्रीपुढे उपस्थित झाला आणि अर्ल ऑफ थोमंड व बॅरन इंचिक्विन होऊन परतला. आडनाव राहिले, परंतु त्याचे पद गेले. आता अधिकार आजोबांकडून नव्हे, लंडनच्या राजाकडून येत होता.

याचे फलित एका शतकाने कॅशेलच्या खडकावर दिसले. सप्टेंबर १६४७ मध्ये इंग्रज पार्लमेंटच्या बाजूने लढणाऱ्या फौजेने कॅशेल लुटले आणि आश्रयाला आलेल्या लोकांची कत्तल केली. या फौजेचा सेनापती होता सहावा बॅरन इंचिक्विन, मर्रो ओब्रायन. लोकांनी त्याला ‘जाळपोळीचा मर्रो’ असे नाव दिले. जे स्थान एका ओब्रायनने चर्चला दिले होते, ते साडेपाच शतकांनंतर दुसऱ्या ओब्रायनने उद्ध्वस्त केले. याच घराण्याची आणखी एक शाखा कॅथलिक राहून देशोधडीला लागली आणि फ्रान्सच्या सैन्यात गेली. १७४५ साली फाँतनॉयच्या रणांगणावर इंग्रजांविरुद्ध लढलेल्या आयरिश ब्रिगेडमध्ये चार्ल्स ओब्रायन, सहावा व्हायकाउंट क्लेअर, हा होता. पुढे तो फ्रान्सचा मार्शल झाला. एकाच मूळपुरुषाचे हे दोन ‘नातू’. त्यांतला खरा कोणता, हा प्रश्नच अर्थशून्य आहे.

हे झाले सरदारांचे. सामान्य माणसाजवळ वंशावळ नव्हती, फक्त नाव होते. तेही अखंड राहिले नाही. सतराव्या शतकात गेलिक समाजव्यवस्था कोसळली, दफ्तर इंग्रजीत गेले आणि असंख्य कुटुंबांच्या नावांतील ‘ओ’ व ‘मॅक’ गळून पडले. सलिवन, कॉनर ही मूळची ‘ओ’कारान्वित नावे बोडकी झाली, ओब्रायनचेही काही ठिकाणी नुसते ब्रायन उरले. १८९० च्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्याने आडनावांचा जो अहवाल तयार केला, त्यात ओब्रायनचा क्रम देशात सहावा लागतो. नोव्हेंबर १८९२ मध्ये डग्लस हाइडने आयर्लंडच्या इंग्रजीकरणाविरुद्ध आपले प्रसिद्ध भाषण दिले. त्यात त्याने भाषेबरोबरच नावांचाही प्रश्न उचलला होता. १८९३ साली गेलिक लीगची स्थापना झाल्यावर अनेक कुटुंबांनी गळलेले उपपद पुन्हा जोडले. आयर्लंडचा पहिला मुख्य हेरल्ड आणि आडनावांचा सर्वांत मोठा अभ्यासक एडवर्ड मॅकलायसाट याचे जन्मनाव नुसते लायसाट होते. ‘मॅक’ त्याने स्वतः, वयाच्या तिशीनंतर, जोडून घेतला. कित्येकांच्या बाबतीत भाषा परत आली नाही. एक अक्षर मात्र परत आले.

या देवघेवीत एक गोष्ट हरवली, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आयरिश भाषेत आडनाव स्त्री-पुरुषांसाठी सारखे नसते. पुरुष ‘ओ ब्रियन’ असतो. त्याची मुलगी ‘नी व्रियन’ असते, म्हणजे वंशजाची कन्या. आणि त्याची पत्नी ‘ई व्रियन’ म्हणवते. स्त्री कोणाची मुलगी आणि कोणाची पत्नी हे नावाचे व्याकरणच सांगते. इंग्रजी दफ्तराने हा भेद पुसून टाकला आणि सर्वांना ओब्रायन केले. त्यामुळे केट आणि एडना या दोघींच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘नातू’ असा निघतो. आयरिश नियमाने तो चूक आहे. तथापि ज्या आडनावाने स्त्रीला केवळ मुलगी वा पत्नी मानले नाही, वारसाच्याच शब्दाने संबोधले, त्यात नकळत एक दावाही आला. तो पुढे स्त्रियांनी वापरला.

एकोणिसाव्या शतकाकडे वळू. विल्यम स्मिथ ओब्रायन (१८०३–१८६४) याचा जन्म क्लेअरमधील ड्रोमोलंडच्या गढीत झाला. १५४३ साली हेन्रीपुढे वाकलेल्या मर्रोचाच हा वंशज. तो प्रॉटेस्टंट होता, जमीनदार होता, केंब्रिजमध्ये शिकला होता आणि ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होता. म्हणजे पूर्वजाने केलेला करार या घराण्याने पुरता पाळला होता. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ सुरू झाला. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. या काळात स्मिथ ओब्रायन ‘यंग आयर्लंड’ या गटाचा नेता झाला आणि २९ जुलै १८४८ रोजी टिपररी परगण्यातील बॅलिंगॅरी येथे त्याने सशस्त्र उठाव केला. उठाव म्हणजे एका विधवेच्या घरात आश्रय घेतलेल्या पोलिसांना घातलेला वेढा. तो काही तासांत मोडला. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याची टवाळी केली. राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ती बदलून जन्मठेप देण्याचे ठरले, तर त्याने माफी स्वीकारण्यास नकार दिला. अखेर १८४९ साली त्याला हद्दपार करता यावे म्हणून पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला. व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजचे टास्मानिया, येथे त्याने सुमारे पाच वर्षे काढली.

व्यवहारी दृष्टीने पाहता बॅलिंगॅरीचे अपयश निर्विवाद आहे. परंतु आडनावाच्या इतिहासात या घटनेचे स्थान वेगळे आहे. मर्रोने १५४३ साली ज्या राजसत्तेकडून आपला अधिकार घेतला, त्याच राजसत्तेची दया नाकारून त्याच्या वंशजाने तीनशे वर्षांचा करार मोडला. आपण कोणाचे नातू, हे त्याने निवडले. त्याची मुलगी शार्लट ग्रेस ओब्रायन (१८४५–१९०९) हिने दुष्काळानंतरच्या स्थलांतराचा प्रश्न हाती घेतला. अमेरिकेला निघालेल्या मुलींना जहाजांवर कोणत्या हालअपेष्टांत कोंबले जाते, यावर तिने १८८१ साली लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये लिहिले आणि १८८२ साली क्वीन्सटाउन बंदरात या मुलींसाठी वसतिगृह उघडले. बापाच्या उठावापेक्षा मुलीच्या वसतिगृहाने अधिक माणसे वाचवली असे कोणी म्हटल्यास आम्ही त्याला विरोध करणार नाही.

त्याच काळातला दुसरा विल्यम ओब्रायन (१८५२–१९२८) हा कोणत्याही गढीतला नव्हता. कॉर्क परगण्यातील मॅलो गावी जन्मलेला हा पत्रकार ‘युनायटेड आयर्लंड’ या पत्राचा संपादक आणि कुळांच्या चळवळीचा पुढारी होता. १८८७ साली त्याला तुरुंगात टाकले असता त्याने कैद्याचे कपडे घालण्यास नकार दिला. त्याच्या सुटकेची मागणी ही १३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या ट्रफल्गर चौकात भरलेल्या आणि पोलिसांनी उधळलेल्या प्रसिद्ध निदर्शनाची एक मागणी होती. त्या निदर्शनात ॲनी बेझंट होत्या. पुढे १९१६ साली त्यांनी आणि लोकमान्य टिळकांनी आपल्याकडे ज्या नावाने संघ काढले, तो ‘होमरूल’ हा शब्द याच आयरिश लढ्यातून आला होता, हे येथे सहज आठवते.

विसाव्या शतकात आयर्लंड स्वतंत्र झाले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता परका राजा नव्हता. आता पूर्वजांच्या नावाने स्वकीयच शासन करीत होते. १९२९ च्या कायद्याने ग्रंथनियंत्रण मंडळ स्थापन झाले. लिमरिकची केट ओब्रायन (१८९७–१९७४) हिची ‘मेरी लव्हेल’ ही कादंबरी १९३६ साली, तर ‘द लँड ऑफ स्पायसेस’ १९४१ साली बंदीखाली आली. दुसऱ्या कादंबरीत एका कॉन्व्हेंट शाळेचे अत्यंत गंभीर, श्रद्धेची बूज राखणारे चित्रण आहे. बंदीला कारण झाले ते दोन पुरुषांच्या प्रेमाचा उल्लेख करणारे एकच वाक्य. १९४२ साली आयरिश सेनेटमध्ये ग्रंथबंदीवर जो वाद झाला, त्यात या कादंबरीचे उदाहरण पुढे आले. क्लेअर परगण्यातील टुअमग्रेनी येथे जन्मलेल्या एडना ओब्रायन (१९३०–२०२४) हिची पहिली कादंबरी ‘द कंट्री गर्ल्स’ १९६० साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर लगेच बंदी आली. गावातल्या पाद्र्याने पुस्तकाच्या प्रती जाळल्याचे एडनाने स्वतः सांगितले आहे. तोवर तिचे लग्न झालेले होते. पण पुस्तकावर तिने नवऱ्याचे आडनाव घातले नाही. जन्माचे ओब्रायनच ठेवले. ज्या समाजाने तिला आपली मुलगी म्हणून नाकारले, त्या समाजाचे सर्वांत जुने राजनाम तिच्या पुस्तकांवर छापलेले राहिले.

याच सुमारास हे आडनाव उसनेही घेतले जात होते. सरकारी नोकरीत असलेला ब्रायन ओनोलन (१९११–१९६६) याने १९३९ साली ‘ॲट स्विम-टू-बर्ड्स’ ही कादंबरी फ्लॅन ओब्रायन या नावाने लिहिली. त्या कादंबरीतली पात्रे आपल्या लेखकाविरुद्ध बंड करतात. ओब्रायन म्हणजे ब्रायनचा वंशज आणि लेखकाचे पाळण्यातले नाव ब्रायन. म्हणजे तो स्वतःचाच वंशज झाला, असा अर्थ आम्ही लावतो. १९४१ साली माइल्स ना गोपालीन या दुसऱ्या टोपणनावाने त्याने आयरिश भाषेत लिहिलेल्या कादंबरीत एक शाळेचा प्रसंग आहे. मुलगा आपले लांबलचक, पिढ्या मोजणारे आयरिश नाव सांगतो. मास्तर त्याला मारतो आणि इंग्रजीत त्याचे नाव ‘जॅम्स ओडॉनेल’ असल्याचे बजावतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाचे नाव तेच. नावांच्या इंग्रजीकरणावर इतके जळजळीत भाष्य आमच्या वाचनात दुसरे नाही.

योगायोग असा, की खरा ओब्रायन असलेल्या दुसऱ्या एका सरकारी अधिकाऱ्याने, कॉनर क्रूझ ओब्रायन (१९१७–२००८) याने, १९५२ साली आपला पहिला समीक्षाग्रंथ प्रसिद्ध केला तो डोनॅट ओडॉनेल या टोपणनावाने. त्याच्या आईच्या बहिणींचे पती पाहावेत: १९१६ च्या ईस्टर उठावाच्या दिवसांत एकाला ब्रिटिश अधिकाऱ्याने बेकायदा गोळ्या घातल्या, तर दुसरा त्याच वर्षी ब्रिटिश गणवेशात सोमच्या लढाईत पडला. असा वारसा असलेल्या माणसाला पूर्वजपूजेचा संशय यावा हे समजण्यासारखे आहे. राष्ट्रवादाने मृतांच्या नावाने जिवंतांवर गाजवलेल्या अधिकाराची चिकित्सा तो आयुष्यभर करीत राहिला. मंत्री असताना मात्र त्याने १९७६ साली रिपब्लिकन गटांच्या प्रवक्त्यांना नभोवाणी-दूरचित्रवाणीवर मज्जाव करणाऱ्या तरतुदी अधिक काटेकोर केल्या. केट आणि एडना यांच्या आडनावाचा माणूस आता नियंत्रकाच्या खुर्चीत होता. सागरी कादंबऱ्यांचा प्रसिद्ध लेखक पॅट्रिक ओब्रायन याची गोष्ट तर उलटीच. हा इंग्रज, जन्मनाव रिचर्ड पॅट्रिक रस. १९४५ साली त्याने कायदेशीररीत्या नाव बदलले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाचक त्याला आयरिशच समजत होते.

आता या साऱ्यांना एका यादीत बसवून पाहावे. राजा, सरदार, कत्तल करणारा सेनापती, परागंदा मार्शल, बंडखोर जमीनदार, पत्रकार, बंदी आलेल्या लेखिका, बंदी घालणारा मंत्री, नाव उसने घेणारे दोघे. यांच्यात समान गुण शोधू जाता काही हाती लागत नाही. आडनाव स्वभाव देत नाही, पक्ष देत नाही, धर्मही देत नाही. ते एक प्रश्न देते आणि माणसाला त्याचे उत्तर आपल्या कृतीने द्यावे लागते. म्हणूनच उसने नाव घेणारा फ्लॅन आम्हांला या परंपरेत परका वाटत नाही. अकराव्या शतकातला तो पणतूही शब्दशः नातू नव्हताच.

एडना ओब्रायन जुलै २०२४ मध्ये लंडनमध्ये निवर्तली. ऑगस्टमध्ये तिचा देह क्लेअरला नेण्यात आला आणि टुअमग्रेनीच्या चर्चमधील प्रार्थनेनंतर लॉक डर्ग या सरोवरातील इनिश केल्ट्रा बेटावर तिचे दफन झाले. ज्या परगण्यात तिची पुस्तके जाळली गेली, त्यानेच तिला सन्मानाने आपल्या मातीत घेतले. त्या बेटावर फार जुन्या मठाचे अवशेष आहेत. सहस्र वर्षांपूर्वी त्या मठाचा अधिपती मार्कान नावाचा होता. तो ब्रायन बोरूचा भाऊ.